डाव्या हाताचं पान

आमच्या घरात एक पुस्तक आहे आणि ते माझ्या सासूबाईंनी दुरुस्त केलेलं आहे. छापणाऱ्याचं लक्ष नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक गाईडचं. शाळेत मुलांचं स्काउट असतं आणि मुलींचं गाईड, त्यातलं. गणवेश, शिट्टी, दोरीच्या गाठी, तंबू, शिबिर, सगळं त्यात चित्रांसकट दिलंय. मिरजगावच्या बाजारात रद्दीवाल्याच्या ढिगात ते त्यांना सापडलं, तेव्हा पुठ्ठा गेलेला होता आणि पहिली काही पानं उंदरांनी वाचून संपवली होती. पुढे एका पानावर लिहिलंय, की पथकातल्या मुलींनी एकमेकींशी डाव्या हाताने हस्तांदोलन करावे. त्यातला 'डाव्या' त्यांनी निळ्या पेनने खोडला आणि वर ठसठशीत अक्षरात 'उजव्या' लिहिलं. मला पान दाखवत म्हणाल्या, "बग, येवढं मोटं पुस्तक छापलं आन हितं घान केली."

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणते. माझं माहेर पारनेरकडचं. लग्न होऊन या घरात आले त्याला पंधरा वर्षं झाली. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. पण आत्यांचं माप मला पंधरा वर्षांत घेता आलेलं नाही.

आत्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसली, खिचडी ढवळली, सेविका रजेवर असली की गाणीसुद्धा घेतली. पण रजिस्टरवर सही कधी त्यांची नसायची. काम सुटलं तेव्हा साडी आणि नारळ मिळाला. लोकांना वाटलं, आता बाई विहारात निवांत बसतील, नातवंडं खेळवतील. महिन्याच्या आत त्यांनी गाईडचं खूळ काढलं.

गावातल्या शाळेत गाईडचं पथक होतं आणि ते चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. फक्त आमच्या वस्तीतली एकही मुलगी त्यात नव्हती. आमची बौद्धवस्ती आणि तिला लागून ऊसतोडीला जाणाऱ्यांची दहा-पंधरा घरं, इतकंच आमचं जग. आमच्या मुलींना कुणी नाही म्हणालं का? छे! नाही म्हणायची पद्धत आता राहिलेली नाही. पथक कागदावर एका बाईंचं होतं, पण सगळा कारभार एका सरांच्या हातात. ते फार गोड बोलायचे. गणवेश पूर्ण लागतो. दसऱ्यानंतर आईबापाबरोबर फडावर गेलेल्या मुली पाडव्यापर्यंत येत नाहीत, मग हजेरीचं काय? यंदा जागा भरल्यात. पुढच्या वर्षी बघू. आत्या तीन वर्षं दर जूनला जाऊन हे ऐकून आल्या. तिन्ही वर्षं सरांनी त्यांना दुरून हात जोडून नमस्कार केला आणि तोंडाला पानं पुसली.

हे खूळ त्यांना एकदम लागलेलं नव्हतं. त्या चौथीत असताना त्यांच्या शाळेतल्या मुली शिबिराला निघाल्या होत्या. तंबूच्या खुंट्यांचं गाठोडं एसटीपर्यंत आत्यांच्या डोक्यावर होतं. गाठोडं टपावर चढलं, गाडी गेली आणि आत्या घरी आल्या. यावर त्या कधी रडल्याबिडल्या नाहीत. फक्त सांगताना म्हणायच्या, "खुट्ट्या गेल्या शिबिराला. मी न्हाई गेले."

चौथ्या वर्षी त्या शाळेत गेल्याच नाहीत. रविवारी सकाळी विहाराच्या अंगणात जाऊन शिट्टी फुंकली. नऊ मुली आल्या, दोन शेळ्या आल्या, आणि सुनेला काय वेड लागलंय ते बघायला माझी चुलतसासू आली. खरं तर वेड सासूला लागलं होतं, पण अशा वेळी नाव सुनेचंच येतं. "आपलं पथक," आत्या म्हणाल्या. "कागुद नसला तरी चालंल. कागुद मागनं येतो." तोंडाने असं म्हणाल्या तरी मला माहीत होतं, त्यांचा जीव त्या कागदातच होता. आपल्या पोरींच्या पथकाची नोंद, शिक्का मारलेली, एकदा डोळ्यांनी बघायची, एवढं एकच त्यांना हवं होतं.

गणवेश मी शिवले. आकाशी कुर्ता, गडद निळी सलवार. ताग्याचं कापड उलगडलं तेव्हा आत्या खूश होऊन म्हणाल्या, "रंग तर आपलाच हाय गं! ह्यांनी आपल्यालाच बाहेर ठिवलं व्हय!" गळ्यातला स्कार्फ अडकवायला एक कडं लागतं, ते मुलींनी सुतळी विणून केलं. गाठी शिकवायला आत्या पुस्तक उघडून बसल्या, तर तोडकऱ्यांच्या मुली हसायलाच लागल्या. उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या आईबापांच्या त्या लेकी. फडावर राहायची कोपी, म्हणजे चटयांची झोपडी, उभी करायला आठ वर्षांची असल्यापासून हाताखाली असतात. तंबूचा दोर ताणायची गाठ त्यांनी आत्यांनाच दोनदा शिकवली. दसऱ्यानंतर त्यांतल्या तिघी आईबापांबरोबर न जाता आमच्या घरी राहिल्या. माझ्या मशीनखाली त्यांची दप्तरं आणि माझ्या डोक्यावर त्यांचा गोंगाट. तक्रार करत नाही, पण त्या हिवाळ्यात मी बरेच ब्लाउज उलटे शिवले.

एकदा मोबाईलवर मला एक लेख दिसला. अमेरिकेतल्या एका काळ्या बाईंची गोष्ट होती. तिथेही मुलींची अशी पथकं होती, पण ती गोऱ्या मुलींची. या बाईंनी काळ्या मुलींना घेऊन, परवानगी नसताना, आपलं आपण पथक चालवलं. मोठ्या लोकांनी बरीच वर्षं दाद दिली नाही, शेवटी नोंद करून घ्यावीच लागली. आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या, मी त्यांना सगळा लेख वाचून दाखवला. त्यांचं शेंगा फोडणं चालूच होतं. संपल्यावर विचारलं, "तिचं गाव कंच्या बाजूला?" मी म्हटलं, आत्या, अमेरिकेत. "हां, पन तितंबी सर असनारच. तिलाबी म्हनले असतील, फुडच्या वर्सी बगू." मग बराच वेळ शेंगा फोडून झाल्यावर म्हणाल्या, "तिला मिळाला ना पन कागुद?" मी म्हटलं, मिळाला. त्या दिवशी त्या मला एकदम तरण्या वाटल्या.

रविवारच्या कवायतीत एका गोष्टीत आत्या फार कडक होत्या. सलाम चुकला तर चालायचा, शिट्टी चुकली तर चालायची, पण हस्तांदोलन चुकलेलं चालायचं नाही. उजवा हात, सरळ पुढे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. हात ढिला दिला की पुन्हा. मान खाली गेली की पुन्हा. "हात मागतोय न्हाई आपून, देतोय," असं त्या दर वेळी म्हणायच्या.

पुढे आम्ही नगरला अर्ज केला. शाळेबाहेरचं पथकही नोंदवता येतं, हे तिथे कळलं. फक्त पथक चालवणारी बारावी झालेली आणि शिक्षण वर्गाला जाऊन आलेली हवी. आत्या सातवी. मी बारावी. झालं, माझं माप निघालं! सात दिवसांच्या वर्गाला मी गेले, तंबूत झोपले, चुलीवर भात करपवला. आणि पहिल्याच सकाळी मला कळलं, की छापणाऱ्याचं काही चुकलेलं नव्हतं. जगभर सगळ्या पथकांत डाव्याच हाताने हस्तांदोलन करतात.

आता हे मी घरी येऊन सांगायला हवं होतं. घरी आले तेव्हा आत्यांनी दारातच विचारलं, "समदं पुस्तकावानीच हाय ना?" मी बॅग खाली ठेवली आणि म्हणाले, "हो, सगळं तसंच." का म्हणाले? भांडण नको म्हणून. आज सांगू, उद्या सांगू, करत महिना गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावत राहिले. मूठ माझी होती, पण तिच्यात आत्यांचा कागद होता.

आणि नगरहून पत्र आलं. संघटक बाई येऊन पथक बघतील, मग नोंदीचं ठरेल.

त्या आल्या तेव्हा अंगण शेणाने सारवलेलं, पताका लावलेल्या, अख्खी वस्ती ओट्यांवर. बाई पन्नाशीच्या, पायात बूट, गळ्यात आमच्यासारखाच स्कार्फ. मुलींनी झेंडा चढवला, गाठी बांधून दाखवल्या, आणि तंबू तर असा चटकन उभा केला की बाईंनी घड्याळ पुन्हा बघितलं. त्या खूश दिसल्या. आत्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा नवरीसारखं लाजरं काहीतरी बघितलं. मग बाई रांगेपाशी गेल्या आणि पहिल्या मुलीपुढे त्यांनी डावा हात केला.

माझी पाचावर धारण बसली. मुलीने शिकवल्याप्रमाणे उजवा हात पुढे केला. दोघींचे हात एकमेकांना चुकवत हवेत राहिले. बाई हसून म्हणाल्या, "डावा दे, बाळ." मुलीने आत्यांकडे बघितलं.

"उजवाच दे," आत्या म्हणाल्या. मग बाईंकडे वळून, "आमच्या पोरी डावा हात देत न्हाईत, बाई. आन घेतबी न्हाईत."

बाईंनी विचारलं, "का हो?"

"मी दुसरीत हुते," आत्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, अंगणवाडीत गोष्ट सांगायच्या तसा होता. "झेंड्याला पेढे वाटले. समद्या पोरांच्या हातावर गुर्जींनी उजव्या हातानं पेढा ठिवला. आमची रांग आली तवा ताट उजव्या हातात घेतलं आन डाव्या हातानं वरनं सोडला. माजा खाली पडला. मी उचलून खाल्ला. गोड हुता, बाई. म्हनून तर आजून आठवतोय."

पंधरा वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. त्या एका शब्दावर मारलेली निळ्या पेनची रेघ माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की वाटलं आत्ता मध्ये पडून सगळं सांगून टाकावं. पण मी जागची हलले नाही.

बाईंनी हात मागे घेतला नाही. "पुस्तकात डावाच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला, तुम्हाला, मंत्र्यालाही. याचं कारण असं सांगतात, की पूर्वी लढाईत डाव्या हातात ढाल असायची. ती खाली टाकल्याशिवाय डावा हात देता येत नाही. म्हणजे, मी ढाल टाकली, तुझी मला भीती नाही."

आत्यांनी थोडा विचार केला. "आमच्याकडं ढाल कवा हुती, बाई?" त्या म्हणाल्या. "ज्येच्याकडं हाय त्यानं आदी टाकावी. आमी वाट बगू."

मला वाटलं, गेला कागद. ओट्यावरून कुणीतरी "आवं, द्या की हात, जाऊ द्या" असं म्हणालं, ते आत्यांनी ऐकलंही नाही. बाई आत्यांकडे बघत होत्या. मग त्या मुलीसमोरून सरकून आत्यांच्या पुढे आल्या, हात तसाच धरून.

"मी कधीची टाकून उभी आहे," त्या म्हणाल्या.

आत्यांनी त्या हाताकडे बघितलं. हात वरून आलेला नव्हता. सरळ समोर होता, छातीच्या उंचीवर, रिकामा. आत्यांनी पदराला आपला डावा हात पुसला आणि पुढे केला. मग पहिल्या मुलीने दिला, मग दुसरीने, आणि शेवटच्या छोटीने चुकून दोन्ही दिले. मी कडेला उभी राहून रडत होते. चुलतसासू म्हणाली, "हिला काय झालं?" मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेलाय. एवढ्या सारवलेल्या अंगणात कचरा कुठून येणार, पण ती बिचारी फुंकर घालायला लागली.

नोंद झाली. पंधरवड्याने शिक्क्याचा कागद आला, तो आत्यांनी आधी उजव्या हातात धरून बघितला, मग डाव्या, मग लॅमिनेशन करायला मला मिरजगावला पिटाळलं. माझं पाप मात्र त्यांनी ओळखलं होतं. बाई गेल्या त्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुला म्हाईत हुतं." मी म्हटलं, "व्हय." दोन दिवस त्यांनी मला चहा हाक न मारता दिला. तिसऱ्या दिवशी शिक्षा सुनावली: पथकातल्या प्रत्येक मुलीला डाव्या हाताचं हस्तांदोलन मीच शिकवायचं, प्रत्येकीशी वीस वेळा. मनगट दुखून मला दोन दिवस कात्री धरवेना. पुस्तकातली दुरुस्ती त्यांनी खोडली नाही. शेजारी समासात लिहिलं, 'दोन्ही बरोबर. समोरचा कसा देतो ते बघावे.'

जानेवारीत शिबिर भरलं, नगरच्या पलीकडे एका शाळेच्या मैदानावर. तालुक्यातालुक्यांतली पथकं आली होती, आणि आमच्या गावच्या शाळेचंही. आत्या आमच्याबरोबर टेम्पोत पुढे बसून आल्या. उतरताना त्यांनी खुंट्यांचं गाठोडं कुणाला उचलू दिलं नाही, स्वतः तंबूपर्यंत नेलं. "ह्या बारीला आमी दोगीबी आलो," गाठोड्यावर थाप मारून त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीचा कार्यक्रम होता. दोन रांगा समोरासमोर, प्रत्येक पथकाच्या मोठ्यांनी पुढे येऊन हस्तांदोलन करायचं, मग मुलींनी. आमच्यासमोर नेमकं गावच्या शाळेचं पथक आलं. सर पुढे आले. डाव्या हातात कागद लावलेलं पॅड, छातीशी धरलेलं. नेहमीसारखंच, दोन हात लांब थांबून त्यांनी पॅडसकट नमस्कार केला आणि तोंडभर हसले. "वा, वा! छान तयारी केलीत हो मुलींची. पुढच्या वर्षी आपण दोन्ही पथकं एकत्रच करू."

आत्यांनी नमस्कार केला नाही. त्यांनी डावा हात पुढे केला आणि तसाच धरला. सरळ, छातीच्या उंचीवर, सरांच्या डोळ्यांत बघत. आमच्या मुली बघत होत्या, त्यांच्या मुली बघत होत्या. सरांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"फुडच्या वर्सीचं फुडच्या वर्सी बगू, सर," आत्या म्हणाल्या. "आज हात द्या."

सरांनी एकदा पॅडकडे बघितलं. मग ते उजव्या काखेत धरलं आणि डावा हात दिला. आत्यांनी तो चांगला घट्ट दाबला, घाई केली नाही, आणि मग वळून आमच्या मुलींना म्हणाल्या, "चला गं, आता तुमी."